डब्यातला रेडिओ

व्हिएन्नात 1923 साली जन्मलेले व्हिक्टर पापानेक नाझी राजवटीमुळे अमेरिकेत आले आणि पुढे डिझाइनचे अध्यापक झाले. 1960च्या दशकात जॉर्ज सीगर या विद्यार्थ्यासोबत त्यांनी विकसनशील देशांतील, विशेषतः इंडोनेशियातील, खेड्यांसाठी रेडिओ तयार केला. रसाचा रिकामा डबा, त्यात मेण आणि वात. मेण नसेल तर कागद किंवा वाळलेले शेणही जाळता येई. त्या उष्णतेवर वीज निर्माण होई. ऐकायला कानात घालायचे यंत्र, आणि स्टेशन एकच. खर्च सुमारे 9 सेंट.

जर्मनीतील उल्मच्या डिझाइन विद्यालयात हा डबा ‘कुरूप’ ठरला. परक्या संस्कृतीतल्या माणसांची सौंदर्यदृष्टी आपण ठरवू नये, म्हणून तो रंगवलाच नाही, असे पापानेक यांचे म्हणणे होते. इंडोनेशियात लोकांनी त्यावर रंगीत कागद आणि शिंपले चिकटवले. 1971 साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या पुस्तकाने ही कहाणी जगभर नेली.

अधिक बोचरा आक्षेप उल्मचेच माजी अध्यापक गुई बोन्सिपे यांचा होता. 1968पासून चिलीत काम करणाऱ्या बोन्सिपे यांना अशा मदतीत नववसाहतवाद दिसला. हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल: बाहेरून आलेला एकाच स्टेशनचा रेडिओ ऐकणाऱ्याला निवड देत नाही, तो बहुधा सरकारचेच ऐकवतो.