चिनी स्टर्जनचे ऋतुमानानुसार स्थलांतर

स्टर्जन हा माशांमधील एक अतिप्राचीन गट. लांबट मुस्कट, तोंडापुढे चार मिशा आणि अंगावर हाडांच्या ढालींच्या पाच रांगा ही त्याची ओळख. यांपैकी चिनी स्टर्जन चार मीटरपर्यंत वाढतो. त्याचे बरेचसे आयुष्य चीनलगतच्या उथळ समुद्रात जाते. प्रजननासाठी मात्र तो यांगत्झे नदीत शिरतो. मादी प्रजननक्षम होण्यास किमान १४ वर्षे लागतात.

प्रौढ मासे उन्हाळ्यात, साधारणतः जून ते ऑगस्टदरम्यान, नदीच्या मुखातून आत येतात. ते लगेच अंडी घालत नाहीत. नदीतील खोल डोहांत हिवाळा काढून पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ते थांबतात. या वर्षाहून अधिक काळात ते जवळजवळ काहीच खात नाहीत. शरीरात साठवलेल्या चरबीवरच जगतात. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले, की वेगवान प्रवाहाच्या, दगडगोट्यांच्या तळावर मादी अंडी सोडते. चिकट अंडी दगडांना धरून राहतात आणि सुमारे पाच दिवसांत फुटतात. पिल्ले प्रवाहाबरोबर खाली सरकत पुढील उन्हाळ्याच्या सुरुवातीस खाडीमुखाशी पोहोचतात. तेथील निमखाऱ्या पाण्यात काही महिने वाढून ती समुद्रात जातात.

पूर्वी अंडी घालण्याच्या जागा उगमाकडील जिन्शा नदीपर्यंत, म्हणजे समुद्रापासून अडीच हजार किलोमीटरहून दूरवर पसरलेल्या होत्या. १९८१ मध्ये गेझोउबा धरणाने हा मार्ग अडवला. अडलेल्या माशांनी धरणाच्या पायथ्याशी, यिचांग शहराजवळ, नवी जागा शोधली. पण ती अवघ्या काही किलोमीटरची होती. २००३ मध्ये वरच्या बाजूच्या थ्री गॉर्जेस धरणात पाणी साठवण्यास सुरुवात झाली. प्रचंड जलाशय शरद ऋतूतही ऊब धरून ठेवतो. त्यामुळे खालचे पाणी उशिरा थंड होऊ लागले आणि उपाशी माशांची प्रतीक्षा लांबली.

२०१३ मध्ये यिचांगजवळ अंडी घातल्याची कोणतीही खूण सापडली नाही. २०१६ मध्ये ती पुन्हा दिसली. २०१७ पासून मात्र सलग अनेक वर्षे सापडली नाही. २०२१ पासून यांगत्झेत दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू आहे, कृत्रिमरीत्या वाढवलेली पिल्लेही नदीत सोडली जातात. परंतु योग्य वेळी थंड होणारे पाणी आणि अंड्यांसाठी मोकळा तळ यांना पर्याय नाही. याच नदीतील चिनी पॅडलफिश २०२२ मध्ये नामशेष घोषित झाला.