बारापेडेचे वटवाघूळ

दिवेलागणीच्या सुमारास बेळगावच्या कॅम्पातील वर्दळ ओसरू लागली, की जुन्या झाडांच्या शेंड्यांभोवती वटवाघळांच्या घिरट्या सुरू होतात. लहान मुले त्यांना पक्षी समजतात. यात मुलांना दोष देता येत नाही. बायबलातील लेवीय ग्रंथात निषिद्ध पक्ष्यांची यादी दिली आहे, तीत शेवटचे नाव वटवाघळाचेच आहे. जे उडते ते पाखरू, हा मानवाचा फार जुना समज होय. १७५८ साली स्वीडनच्या लिनेयस या शास्त्रज्ञाने पिलांना दूध पाजणाऱ्या प्राण्यांचा ‘सस्तन’ हा वर्ग निश्चित केला आणि वटवाघळास त्यात स्थान दिले.

हे स्थान किती योग्य होते याची साक्ष वटवाघळाचे शरीरच देते. त्याच्या अंगावर पिसे नसून केस आहेत. त्याचा पंख म्हणजे वस्तुतः हात होय. त्याची बोटे विलक्षण लांब झालेली असून त्यांच्यावर त्वचेचा दुहेरी पातळ पडदा ताणून बसविलेला आहे. या पडद्यावर अतिसूक्ष्म केस असतात आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या मज्जातंतूंमुळे वाऱ्याचा प्रवाह कसा बदलतो हे प्राण्यास समजते. कानाच्या आत हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन इवलीशी हाडे आहेत. तीच तीन हाडे मनुष्याच्या कानातही आहेत.

तथापि काळोखात हा प्राणी कशावरही न आपटता उडतो कसा, हे कोडे लिनेयसच्या वर्गीकरणाने सुटण्यासारखे नव्हते. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे प्राध्यापक, धर्मगुरू लाझारो स्पालान्झानी यांनी १७९३ साली त्यास हात घातला. मेणबत्ती विझताच त्यांच्या खोलीतील घुबड गोंधळले, वटवाघळे मात्र निर्धास्तपणे उडत राहिली. डोळे निकामी केलेली वटवाघळेही तशीच उडाली, इतकेच नव्हे तर पोटभर किडे खाऊन आली. पुढच्याच वर्षी जिनिव्हाचे शल्यवैद्य लुई ज्युरिन यांनी वटवाघळांचे कान बंद करून पाहिले, तेव्हा ती वाटेतील वस्तूंवर आदळू लागली. स्पालान्झानी यांनीही कानांत पितळेच्या बारीक नळ्या बसवून खात्री करून घेतली. नळ्या उघड्या असता प्राणी नीट उडे, बुजविल्या असता गोंधळे. वटवाघूळ कानांनी वाट पाहते, असाच याचा अर्थ होता.

जगाने मात्र तो मान्य केला नाही. खोलीत आवाज नाही, मग कान ऐकणार तरी काय? फ्रान्सचे थोर प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी पंखांच्या त्वचेतील स्पर्शशक्तीस हे श्रेय दिले आणि त्यांच्या अधिकारवाणीपुढे प्रयोग मागे पडले. असे शतकाहून अधिक काळ चालले. १९२० साली इंग्लंडमधील हार्ट्रिज यांनी मनुष्यास ऐकू न येणाऱ्या उच्च ध्वनीची कल्पना मांडली. १९३८ साली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात डोनल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने आपली वटवाघळे प्राध्यापक पिअर्स यांच्या ध्वनिग्राहक यंत्रासमोर नेली. ज्या खोलीस सारे निःशब्द समजत होते, ती आवाजांनी भरून गेली. वटवाघूळ ओरडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पुढील वस्तूचे अंतर ओळखते, हे त्यानंतर सिद्ध झाले.

या इतिहासाचे एक पान बेळगाव जिल्ह्यात लिहिले गेले आहे. येथील लष्करी छावणीत सृष्टिनिरीक्षणाचा छंद जुनाच होता. बेळगावात नेमणुकीस असलेल्या बटलर या अधिकाऱ्याने १८८१ साली दख्खन व दक्षिण महाराष्ट्रातील पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. दिवसा उडणाऱ्यांची अशी नोंद झाली, रात्री उडणारे मात्र उपेक्षित राहिले. १९११ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले, तेव्हा ही उणीव भरून निघू लागली. या कामी संस्थेचे तरुण कार्यकर्ते स्टॅन्ली प्रेटर खानापूर तालुक्यातील तळेवाडीनजीक, भीमगडाच्या रानातील बारापेडे गुहांत शिरले. तेथे त्यांना एक अपूर्व वटवाघूळ आढळले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ओल्डफील्ड टॉमस यांनी १९१३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि सर्वेक्षणास आधारभूत झालेले निवृत्त वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्यास दिले.

मखमलीसारखे आखूड, गर्द तपकिरी केस, मानेमागे फिकट करडा पट्टा, पडद्याबाहेर डोकावणारे मोकळे शेपूट आणि लांब, अरुंद पंख असे या प्राण्याचे रूप आहे. परंतु नजर खिळते ती कानांवर. डोक्याहून लांब असे हे कान मुखावर एकमेकांस जोडलेले असून पुढे झुकलेले असतात.

त्याचा आवाजही विशेष आहे. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांचा ध्वनी आपल्या श्रवणमर्यादेच्या फार वर असतो. ही मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांची आहे आणि वयाबरोबर ती खाली येते. रॉटनच्या वटवाघळाची हाक सुमारे १५,००० कंपनांची असल्याचे अलीकडील ध्वनिमुद्रणांत आढळले आहे. उच्च ध्वनी हवेत लवकर विरतो, त्या मानाने खालचा दूरवर पोहोचतो. उघड्या आकाशात वेगाने उडणाऱ्या प्राण्यास दूरचे भक्ष्य आधी कळावे लागते, म्हणून त्यास असा ध्वनी सोयीचा. याचा अर्थ असा, की ज्या हाकेच्या शोधात युरोपातील विद्वान दीडशे वर्षे चाचपडत होते, तशी एक हाक तळेवाडीच्या रानात तरुण कानांना ऐकू येण्याजोगी होती.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी मेघालयात व कंबोडियात हा प्राणी सापडला. तोपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षे बारापेडे हेच त्याचे जगातील एकमेव ज्ञात घर होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांस उपद्रवी प्राण्यांत बसविले होते, तथापि रॉटनच्या वटवाघळास पुढे पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण मिळाले. २०११ साली भीमगडचे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

कायद्याने रान राखता येते, गुहेतील शांतता मात्र तेथे जाणाऱ्या माणसानेच राखावयाची असते. दिवसा विसावलेल्या वटवाघळांवर विजेरीचा झोत पडला, गुहेत धूर वा गोंगाट झाला, तर ती पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडून जातात. स्पालान्झानी यांच्या प्रयोगांची उपेक्षा झाली, कारण आपणास जे ऐकू येत नाही ते नाहीच, असे शहाण्यांनी धरून चालले. कॅम्पातील झाडांभोवती संध्याकाळी पंख फडफडू लागतील, तेव्हा या चुकीचे स्मरण ठेवणे उचित होय. ते आकाश आपणास निःशब्द वाटते, परंतु ते निःशब्द नसते.