एका रानफुलाचे नाव

पावसाळा सरत आला की कोकणातल्या ओलसर कातळांवर वीत-दीड वीत उंचीचे एक रोपटे दिसू लागते. चौधारी काडी, समोरासमोर पाने आणि फिकट गुलाबी, चार पाकळ्यांचे इवलेसे फूल. पुढचा पाऊस पाहणे त्याच्या नशिबी नसते. बी धरले की ते वाळून जाते. काडेचिराइताच्या कुळातल्या या प्रजातीला वनस्पतिशास्त्रात 'कॅन्स्कोरा' म्हणतात. ऐकणाऱ्याला हे लॅटिन वाटावे, पण ते मलबारचे आहे.

कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. तो अॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापून झाला. वनस्पतींची नावे व गुण सांगितले ते मुख्यतः इट्टी अच्युतन या एळवा वैद्याने, आपल्या घरच्या ताडपत्रांच्या आधारे. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तिघे कोकणी ब्राह्मण वैद्य होते. आपण केलेल्या कामाची त्यांची ग्वाही २० एप्रिल १६७५ची आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी. पहिल्या खंडाच्या आरंभी ती छापलेली आहे. परदेशी छापखान्यातून निघालेली ही आपली अक्षरे पाहताना, का कोण जाणे, मन थबकते.

दहाव्या खंडात, १६९० साली, आपले रोपटे 'कंजन-कोरा' या नावाने अवतरले. पुढच्याच वर्षी व्हान रीड मुंबईजवळ समुद्रात जहाजावर वारला. त्याची कबर सुरतेला आहे.

खरे संकट पुढेच होते. लिनीअसने १७३७ साली नियम घातला की प्रजातींची नावे ग्रीक किंवा लॅटिन मुळांचीच असावीत. बाकीची त्याच्या लेखी रानटी. व्हान रीडच्या ग्रंथाचा आधार मात्र तो भरपूर घेत असे! अशा पंडितापुढे मलबारी नावाचा काय टिकाव लागणार? पण फ्रेंच लामार्कने ते सोवळे मानले नाही. १७८५ साली त्याने 'कंजन-कोरा'ची 'कॅन्स्कोरा' केली, आणि नाव तगले.

आमच्या घाटावरही ते येऊन पोचले. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातले स्पॅनिश जेझुइट फादर सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३चा. तिथल्या एका जातीला त्यांनी नाव दिले, 'कॅन्स्कोरा खंडालेन्सिस': अर्धे मलबारचे, अर्धे खंडाळ्याचे.