ट्रॉम्बेची भट्टी

मे १९७४ म्हटलं की आजोबांना आधी आठवायचा तो रेल्वेचा संप. माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. पगार बंद, पुढारी तुरुंगात. अशात १८ तारखेला रेडिओवर बातमी आली की राजस्थानात पोखरणला भारताने अणुस्फोट केला. चाळीत पेढे वाटले. "सकाळपर्यंत संपाचं बोलणारी माणसं संध्याकाळी नुसती स्फोटाचं बोलत होती," असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. अभिमान आपल्यालाही वाटला होता, हेही ते लपवत नसत.

आजीचे भाऊ, माझे मामाआजोबा, ट्रॉम्बेला अणुकेंद्रात नोकरीला होते. कामाबद्दल घरी चकार शब्द काढत नसत. निवृत्तीनंतर मी फारच मागे लागलो तेव्हा पुस्तकात छापलेलं असतं तेवढंच त्यांनी समजावलं: युरेनियमच्या कांड्या अणुभट्टीत राहिल्या की त्यातल्या थोड्या युरेनियमचं प्लुटोनियम होतं. कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवून ते वेगळं काढायचं. मग त्याचं विजेसाठी इंधनही करता येतं आणि बॉम्बही.

पोखरणचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्याच सायरस भट्टीतलं. १९६० साली सुरू झालेली ही ४० मेगावॅटची भट्टी कॅनडाने दिली होती, तिच्यासाठीचं जड पाणी अमेरिकेने. १९५६च्या करारात वापर शांततेसाठीच करायचं वचन होतं. बाहेरच्यांनी येऊन तपासण्याची तरतूद नव्हती. आपला स्फोटही शांततेसाठीच, असं भारताने सांगितलं. कॅनडाला ते पटलं नाही, त्याने मदत तोडली. पुढच्याच वर्षी सात पुरवठादार देश लंडनमध्ये जमले. अणुसामग्री कुणाला, कुठल्या अटीवर विकायची याचे आजचे नियम त्या बैठकांतून निघाले.

१९६८चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार पक्षपाती होता, हा भारताचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. १९६७पूर्वी स्फोट केलेल्या पाच देशांना मुभा, बाकीच्यांना बंदी. पण त्या आक्षेपाने आपण सुरक्षित झालो नाही. मे १९९८मध्ये आपण पुन्हा स्फोट केले आणि त्याच महिन्यात चगाईच्या डोंगरात पाकिस्ताननेही केले.

मामाआजोबा त्या दिवसांत एक जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. १९५४ साली बिकिनी बेटावरच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, २३ खलाशी आजारी पडले, एक दगावला. त्या चाचणीनंतर महिन्याभराने नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. मामाआजोबा तेव्हा कॉलेजात होते. अशा देशात अणूचं शास्त्र शिकावं, असं त्यांना त्या भाषणामुळे वाटलं होतं.

तशी मागणी आज पुन्हा दिल्लीतून यायला हवी. शस्त्रांसाठी प्लुटोनियम आणि समृद्ध युरेनियम बनवणं थांबवणाऱ्या कराराचा ठराव १९९३मध्ये संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला, भारतही त्याचा सहप्रस्तावक होता. जिनिव्हात तो करार अडून पडला आहे. अमेरिका, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी करार होण्याची वाट न पाहता हे उत्पादन बंद केल्याचं जाहीर केलं. भारताने अजून केलेलं नाही.