जावळीच्या रानातील पाखरांचे दप्तर

महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यावरून खाली पाहिले असता जे गर्द, काळपट हिरवे खोरे दृष्टीस पडते ते जावळीचे. आणि या खोऱ्याचा इतिहासातला लौकिक तेथील पक्ष्यांमुळे नव्हे, तर आत शिरलेली फौज धडपणे बाहेर येईल याची कोणालाच शाश्वती नसे, यामुळे झालेला आहे. 1656 साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि तीनच वर्षांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या सैन्याला या झाडीचा पुरता अनुभव आला. रान हे दुर्गाचेच अंग होय, ही जाणीव त्या राज्यात इतकी मुरलेली होती की रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी प्रयत्नपूर्वक वाढवावी, तीतील काठीसुद्धा तोडू देऊ नये, असे बजावून ठेवले आहे. राज्यकारभाराच्या अठरा कारखान्यांत, म्हणजे खात्यांत, शिकारखानाही होता. परंतु पाखरू नुसते पाहावे, त्याचे नाव, ठिकाण आणि दिवस टिपून घ्यावा, ही कल्पना त्या काळच्या कोणत्याही कारखान्यात बसणारी नव्हती. पाखरे वाचली ती गडांच्या आडोशाला.

हे रान पाहावयास जाणाऱ्याने विषुववृत्ताजवळच्या अरण्यातील गगनचुंबी वृक्षांची अपेक्षा ठेवू नये. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर, वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत झेलीत, पातळ मातीच्या जांभ्या दगडावर वाढलेली ही झाडे ठेंगणी, वाकडी आणि शेवाळाने मढलेली असतात. अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचेच येथे राज्य. पण ती सदाहरित आहेत, त्यांच्या छायेत उन्हाळ्यातही ओल टिकते, आणि दख्खनच्या कोरड्या पठारावर ज्यांचा मागमूस लागत नाही अशी पाखरे या ओलीच्या आधाराने येथे नांदतात.

पेशवाई बुडाली आणि इंग्रज अंमलदारांना थंड हवेची गरज भासू लागली. 1824 साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी हे पठार चढून गेला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1829 मध्ये सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वर आपल्याकडे घेतले. त्यानंतर रानाची कथा सरकारी दप्तरात शिरते. जांभ्यातले लोखंड कोळशाच्या भट्टीत गाळणारे धावड येथे होते. जंगलखात्याचे कायदे कडक होत गेले तसा त्यांचा धंदा बसला. लिंगमळ्यास 1865 साली सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली, ती दहा वर्षांत फसली. ज्या रानाने सरकारचा हा मनसुबा मोडून काढला त्याविषयी मला मनोमन आदर वाटतो.

पाखरांचे पहिले शास्त्रीय दप्तर उघडले ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने. हा गृहस्थ 1817 साली खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला होता, आणि पुढे मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्यालाच दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी माहिती जमविण्याच्या कामावर नेमले. गावे, शिरगणती, पिके, धारावसुली यांच्या तक्त्यांबरोबरच या माणसाने पाखरेही गोळा केली, आणि 1832 साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. जमाबंदीचा शिस्तबद्ध हात पाखरांवरही फिरला, म्हणूनच ही यादी आजही कामास येते. सदाहरित रानातले, मानेमागे काळ्यापांढऱ्या चौकडीचा पट्टा असलेले रानकबूतर त्याने वर्णिले आणि त्यास आपल्या वरिष्ठाचे, एल्फिन्स्टनचे नाव दिले. सह्याद्रीबाहेर न आढळणाऱ्या, लाल छातीच्या इवल्या शिंजिरास लंडनच्या संस्थेचा चिटणीस व्हिगर्स याचे. आणि उघड्या माळावरच्या एका सातभाईस खुद्द माल्कमचे. नोकरशाहीतला हा शिष्टाचार मानावा. परंतु खोऱ्यातल्या ज्या कुणब्यांनी आणि कोळ्यांनी ही पाखरे पिढ्यान्‌पिढ्या ओळखली, त्यांतल्या एकाचेही नाव कोणत्याही पाखराच्या वाट्यास आले नाही, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

त्यानंतरचा मोठा टप्पा रेव्हरंड सॅम्युअल फेअरबँक यांचा. अमेरिकन मराठी मिशनचे हे धर्मोपदेशक अहमदनगरकडे कार्य करीत, आणि 1876 साली त्यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव व अहमदनगर येथील पक्ष्यांची यादी ॲलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. हे ह्यूम म्हणजे पुढे 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. सनदी नोकर, पक्षिविद् आणि राष्ट्रसभेचे एक जनक अशा तीन नात्यांनी त्यांची आठवण ठेवणारे लोक बहुधा परस्परांना ओळखत नाहीत.

या सर्व विद्वानांच्या हातात बंदूक होती. त्यावाचून गत्यंतर नव्हते, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. कारण फांदीवरचे पाखरू निश्चित ओळखण्याइतके भिंग नव्हते, आणि कातडे पेटीत घालून लंडनला पाठविल्यावाचून कोणी विश्वास ठेवीत नसे. 1894 साली जर्मनीत झाइस कंपनीने लोलकांची दुर्बीण बाजारात आणली, तेव्हापासून हा युक्तिवाद हळूहळू लंगडा पडत गेला. 1883 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतून घडलेले सालिम अली स्वतः बंदुकीच्याच परंपरेत वाढले, परंतु 1941 साली निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने पाखरू न मारता ओळखण्याची विद्या सामान्य वाचकाच्या हाती दिली. कायदा त्यामागून आला: 1951 चा मुंबई राज्याचा, मग 1972 चा साऱ्या देशाचा. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ रचून लोकांच्या तोंडची नावे एकत्र केली. साइक्सच्या यादीत राहिलेली उणीव यामुळे काही अंशी भरून निघाली.

आता पहाटे पुण्याहून निघावे, पसरणीचा घाट चढून उजाडता उजाडता क्षेत्र महाबळेश्वराच्या बाजूस पोहोचावे, शीळकरी कस्तुराची लांब शीळ ऐकावी, कुटुर्ग्याच्या एकसुरी हाकेने कंटाळून जावे आणि सूर्यास्तापूर्वी परतावे, इतकी ही विद्या सुलभ झाली आहे. एल्फिन्स्टन पॉइंटावर गर्दी नसेल तर खालच्या झाडीत फळे खाणारे एल्फिन्स्टनचे कबूतरही दिसण्याचा संभव आहे. परंतु छायाचित्र काढून निघून येणे म्हणजे दप्तराचे पान कोरे ठेवणे होय. साइक्स आणि फेअरबँक यांच्या याद्या उपलब्ध आहेत. त्यांच्याशी ताडून पाहण्यासारखी नोंद आपल्या हातून व्हावयाची असेल तर प्रत्येक पाखरापुढे ठिकाण, दिनांक, वेळ आणि संख्या लिहावी, जे शोधूनही दिसले नाही तेही लिहावे, आणि वाटाड्या बरोबर असल्यास, त्याच्या संमतीने, त्याचे नाव त्या पानावर सर्वांत वर घालावे.