दुसऱ्या मंगळवारची कुळकथा

महाराष्ट्रात हा पाहुणा रात्री उशिरा येतो. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले, की मायक्रोसॉफ्ट विंडोजचे नवे अपडेट खुले करते. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. तिकडे हिवाळ्यात घड्याळं मागे घेतली, की साडेअकरा. बुधवारी सकाळी घाईघाईत कॉम्प्युटर लावणाऱ्याच्या वाट्याला मग गोल गोल फिरणारे ठिपके आणि ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ ही सूचना येते. जगभरची कॉम्प्युटर खाती या दिवसाला ‘पॅच ट्यूजडे’ म्हणतात. ही रीत सुरू झाली २००३ मध्ये, आणि घरातल्या कॉम्प्युटरचा विचार करून ती सुरू झालेलीच नव्हती.

पॅच, म्हणजे ठिगळ, मात्र त्याहून कितीतरी जुना. १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या ‘मार्क वन’ या अजस्र यंत्राचा प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेली कागदी फीत. चूक सापडली, की नको त्या भोकावर तुकडा चिकटवायचा. अशा ठिगळं लावलेल्या फितीचा फोटो अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

घरगुती कॉम्प्युटरला बराच काळ हे ठिगळही दुर्मीळ होतं. विंडोज ९५ फ्लॉपींच्या चळतीवर किंवा सीडीवर घरी आलं, आणि बहुतेकांकडे जसं आलं तसंच राहिलं. विंडोज ९८ ने स्टार्ट मेनूत ‘विंडोज अपडेट’ आणून ठेवलं. पण ते दार वापरणाऱ्याने स्वतः ठोठावायचं होतं. पाठोपाठ २००० मध्ये आलेल्या विंडोज एमईने ‘ऑटोमॅटिक अपडेट्स’ आणले. डायल-अपच्या जमान्यात, टेलिफोनचं बिल डोळ्यांसमोर असताना, असल्या सोयीचं कौतुक किती जणांना असणार?

खरा प्रश्न ऑफिसांत उभा राहिला. एकट्या २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७२ सुरक्षा बुलेटिनं काढली. प्रत्येक पॅच आधी दोन-चार मशिनवर लावून पाहायचा, हिशोबाचं सॉफ्टवेअर कोसळत नाही ना याची खात्री करायची, मग शेकडो मशिनवर चढवायचा. तो पुरा होतो न होतो तोच पुढचा. माणसं कंटाळली आणि पॅच पडून राहू लागले. २५ जानेवारी २००३ ला ‘स्लॅमर’ हा अवघ्या ३७६ बाइटांचा वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा घातक प्रोग्राम, सुटला आणि दहा मिनिटांत त्याने लागण होऊ शकणाऱ्या सर्व्हरपैकी सुमारे ९० टक्के गाठले. त्यावरचा पॅच सहा महिने आधीच आलेला होता. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या काही सर्व्हरवरही तो लावलेला नव्हता, हे या गोष्टीतलं सगळ्यात बोलकं.

त्याच ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ आला, आणि तो थेट घरात शिरला. विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडला, की काही वेळात एक छोटी खिडकी उघडायची: सिस्टिम बंद होत आहे, काम सेव्ह करा. खाली ६० सेकंदांची उलटी मोजणी. शून्य झालं की मशिन बंद होऊन पुन्हा सुरू. इलाज म्हणजे पॅच, आणि तो इंटरनेटवरूनच उतरवायचा. पण उतरवायला वेळ द्यायला मशिन तयार नाही. जाणकार फोनवरून सांगत, की मोजणी चालू असतानाच ‘रन’च्या चौकटीत ‘शटडाऊन -ए’ असं टाइप करून एंटर मारा, मोजणी थांबेल. आणि खरंच थांबायची. मग फायरवॉल चालू करायची, पॅच उतरवायचा, आणि वर्म काढून टाकायचा. अनेक घरांत कुणीतरी अपडेट हा शब्द पहिल्यांदा गांभीर्याने घेतला तो त्या ६० सेकंदांत.

ब्लास्टरच्या पोटात बिल गेट्स यांना उद्देशून एक टोमणाही होता: पैसे मिळवणं थांबवा आणि सॉफ्टवेअर नीट करा. १६ ऑगस्टला सगळ्या बाधित मशिननी मिळून अपडेटच्याच वेबसाइटवर हल्ला चढवावा, असा त्याचा बेत होता. वर्म लिहिणाऱ्याने पत्ता मात्र भलताच घातला. तो पत्ता लोकांना खऱ्या साइटकडे नेऊन सोडण्यापुरता होता. मायक्रोसॉफ्टने तोच काढून टाकला आणि हल्ला फुकट गेला.

ऑक्टोबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी जाहीर केलं, की यापुढे पॅच महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी. सोमवार नको, कारण शनिवार-रविवारचं तुंबलेलं काम त्या दिवशी निपटायचं असतं. शुक्रवार नको, कारण बिघडलं तर निस्तरायला माणूस नाही. मंगळवारी लावलं तर पुढचे तीन दिवस हाताशी राहतात. पुणेकरांना हा हिशोब समजावून सांगायला नको. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद हे आधी माहीत असलं, की माणूस बुधवारी बादल्या भरून ठेवतो.

वेळापत्रक चोरांनाही कळतंच. नवा पॅच आणि जुनी फाइल शेजारी ठेवली, की भोक नेमकं कुठे होतं ते दिसतं. म्हणून मंगळवारला ‘एक्स्प्लॉइट वेन्सडे’ हे नाठाळ भावंड मिळालं. १४ मार्च २०१७ च्या मंगळवारी बुजवलेल्या भोकातून १२ मे ला ‘वॉनाक्राय’ हा वर्म घुसला. जूनच्या २७ तारखेला ‘नॉटपेट्या’ने तेच भोक वापरलं. तो पसरायला सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे औषधाच्या बाटलीतूनच. त्याचा तडाखा मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवा बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं.

घरच्या माणसाची पंचाईत निराळी आहे. त्याला ऑफिसचं वेळापत्रक मिळालं, पण ऑफिसचा आयटीवाला मिळाला नाही. २०१५ च्या विंडोज १० मध्ये तर ‘होम’ आवृत्तीला अपडेट नाकारण्याची मुभाच ठेवली नव्हती. सुरक्षेच्या बाजूने हे बरोबरच होतं. ब्लास्टरने ते पुरेसं दाखवून दिलं होतं, पुढे वॉनाक्रायनेही दाखवलं. पण ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फाइलीच पुसल्या, तेव्हा ते काही दिवसांत मागे घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी होम आवृत्तीलाही अपडेट काही दिवस थोपवून धरायचं बटण मिळालं, जास्तीत जास्त ३५ दिवस. सवलत उशिरा आली, पण आली.

जानेवारी २०२४ मधलं केबी ५०३४४४१ हे अपडेट या पंचाईतीचा अस्सल नमुना. विंडोज १० वर ते उतरायचं, लागायला घ्यायचं आणि थांबायचं. समोर ०एक्स८००७०६४३ हा एरर कोड. हा कोड ‘इन्स्टॉल फसलं’ एवढंच सांगतो. खरी अडचण डिस्कवर लपलेल्या रिकव्हरी पार्टिशनची होती. मशिन सुरूच होईनासं झालं तर दुरुस्तीसाठी लागणारी विंडोजची छोटी प्रत त्यात असते. तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी, आणि अनेक मशिनवर ती जुन्या काळातच तुटपुंजी आखलेली. मायक्रोसॉफ्टने उपाय दिला तो असा: कमांडच्या काळ्या खिडकीत शिरा, रिकव्हरी बंद करा, मुख्य पार्टिशन आकसवा, जुनं रिकव्हरी पार्टिशन पुसा, मोठं बनवा, रिकव्हरी पुन्हा चालू करा. ऑफिसातल्या आयटीवाल्यालाही हे करण्याआधी बॅकअप घ्यावासा वाटेल. शाळेचा प्रोजेक्ट आणि लग्नाचे फोटो असलेल्या घरच्या मशिनवर ते कुणी करायचं? बहुतेकांनी लाल अक्षरांकडे दुर्लक्ष केलं, आणि महिन्याचं मुख्य अपडेट वेगळं असल्याने ते लागत राहिलं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट थांबले. मुदत संपल्यावरही पैसे मोजून सुरक्षा पॅच घेत राहण्याची सोय तोवर फक्त कंपन्यांना आणि संस्थांना होती. या खेपेला ती पहिल्यांदाच घरगुती ग्राहकांसाठीही खुली झाली: एका वर्षासाठी ३० डॉलर, किंवा मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा पैसे न देता आपली सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवायला होकार.