बत्तीस शिराळ्याची नागपंचमी : जिवंत नागाच्या जाहीर दर्शनाचा प्रश्न

प्रस्तावना

माणसाने पकडून आपल्या ताब्यात ठेवलेला साप लोकांमध्ये आणावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. मात्र महाराष्ट्रातील एका गावाच्या संदर्भात हाच प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यावरून विधानसभेच्या प्रचारसभेत आश्वासन दिले गेले आणि अखेर केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाला त्यात निर्णय घ्यावा लागला. सांगली जिल्ह्यातील शिराळा अर्थात बत्तीस शिराळा हे ते गाव होय. मोरणा नदीकाठचे हे तालुक्याचे ठिकाण पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये ते दक्षिण सातारा जिल्ह्यात आले आणि त्याच जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. तथापि गावाची सर्वदूर ओळख झाली ती श्रावण शुद्ध पंचमीस निघणाऱ्या जिवंत नागांच्या मिरवणुकीमुळे.

या मिरवणुकीविषयीची चर्चा बहुधा श्रद्धा विरुद्ध कायदा या एकाच चौकटीत होते. ही चौकट अपुरी आहे. गेल्या शतकात शिराळ्यात श्रद्धेपेक्षा अधिक बदलला तो नाग पाहणारा समाज, आणि त्याबरोबर नाग दाखविण्याचा हेतूही बदलला. प्रस्तुत निबंधात हा बदल तपासून पाहिला आहे.

मातीचा नाग आणि जिवंत नाग

नागपंचमी हा महाराष्ट्रातील शेतकरी स्त्रियांचा सण आहे. या दिवशी जमीन खणू नये, नांगर धरू नये, भाजी चिरू नये, तवा चुलीवर ठेवू नये असे संकेत आहेत; त्यामुळेच पुरणाची दिंडे उकडण्याची रीत पडली. नांगराच्या फाळाने नागिणीची पिल्ले मेल्याची कहाणी घरोघर सांगितली जाते. भावाच्या आयुष्यासाठी केलेला आदल्या दिवशीचा उपवासही याच कहाण्यांशी जोडलेला आहे. बहुतेक ठिकाणी पूजा होते ती मातीच्या नागाची, पाटावर गंधाने काढलेल्या चित्राची किंवा वारुळाची. वारुळाला जाणारी स्त्री नागाच्या घरापाशी जाते, नागाला आपल्या घरी आणीत नाही. हा भेद येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

शिराळ्याची परंपरा या सर्वसाधारण रीतीपासून वेगळी होण्याचे कारण एका आख्यायिकेत सांगितले जाते. गोरक्षनाथ भिक्षेसाठी महाजनांच्या घरी आले असता गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती व त्यामुळे भिक्षा घालण्यास तिला विलंब झाला. नाथांनी कारण विचारले आणि आपल्या सामर्थ्याने तो मातीचा नाग जिवंत केला. तेव्हापासून गावात जिवंत नाग पूजला जाऊ लागला, अशी श्रद्धा आहे. गावातील गोरक्षनाथांचे मंदिर आणि मिरवणुकीचे गंतव्य असलेले अंबामातेचे मंदिर या दोहोंनी ही कथा आजवर जागती ठेवली. नाथ संप्रदायाचा पश्चिम महाराष्ट्रातील प्रभाव ध्यानात घेता कथेचा उगम समजण्याजोगा आहे. परंतु आख्यायिकेला कालनिश्चितीचा पुरावा मानता येत नाही. ‘हजार वर्षांची परंपरा’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून वारंवार येतो. त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने सावधपणेच पाहिले पाहिजे.

मडक्यातला पाहुणा

प्रथेचे प्रत्यक्ष स्वरूप पाहिल्यास ती गारुड्याच्या खेळाहून फार वेगळी होती. गारुडी हा फिरस्ता. नाग हे त्याचे उपजीविकेचे साधन. नागाचे विषदंत उपटणे, त्याचे तोंड शिवणे, त्याला उपाशी ठेवून दुधाला तोंड लावायला भाग पाडणे हे प्रकार त्या धंद्यात सर्रास होत आले. शिराळ्यातील नाग पकडणारे मात्र स्थायिक शेतकरी आणि त्यांची मुले होती. नागपंचमीच्या आधी काही आठवडे तरुणांच्या टोळ्या शिवारात फिरत, बांधावरच्या सरपटीवरून नागाचे बीळ ओळखीत, ते उकरून नाग पकडीत आणि मडक्यात ठेवून मडक्याचे तोंड फडक्याने बांधीत. सणापर्यंत नाग घरात पाहुण्यासारखा राही व सणानंतर त्याला पुन्हा रानात सोडले जाई. आम्ही दात काढीत नाही, असे गावकरी अभिमानाने सांगत आले आहेत. नागाची जात ओळखणे, त्याचा राग ओळखणे, फणा केव्हा खाली येईल याचा अंदाज बांधणे ही विद्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ही विद्या खरी होती, आणि पुढील विवेचनात तिचा विसर पडू देता कामा नये.

असे असले तरी नागाच्या बाजूने पाहिल्यास चित्र पालटते. भारतीय नागाची मादी साधारण एप्रिल ते जुलै या काळात अंडी घालते, आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत दीड-दोन महिने अंड्यांजवळ थांबते. म्हणजे ज्या आठवड्यांत बिळे उकरली जात, त्याच आठवड्यांत पुष्कळ माद्या अंडी राखीत असण्याचा संभव असे. पकडलेला साप बहुधा अन्न घेत नाही. दूध हे त्याचे अन्न नाहीच. सापाला बाहेरचा कान नसल्याने वाद्यांचा गजर त्याला माणसासारखा ऐकू येत नाही; पण जमिनीची कंपने त्याला तीव्रतेने जाणवतात. सभोवती हालणारी माणसे व हात दिसताच तो फणा काढून उभा राहतो. या उभे राहण्याला भाविक आशीर्वाद समजत. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती भयाची आणि इशाऱ्याची मुद्रा आहे. पाहुणचार करणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी पाहुण्याला परत जाण्याची मोकळीक नव्हती.

अंगणातून रस्त्यावर

घरात नाग पूजणे आणि नाग रस्त्यावर आणणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिल्या कृतीचा प्रेक्षक घरातला, फार तर गल्लीतला असतो. शिराळ्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरी कृती वरचढ होत गेली. गल्लोगल्ली नागमंडळे स्थापन झाली. बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, त्यांवर सजावट आली, बँडपथके आली. सर्वांत लांब नाग कोणाचा, सर्वांत उंच फणा कोणाचा नाग काढतो अशा स्पर्धा होऊन बक्षिसे दिली जाऊ लागली. नागाबरोबर धामण आणि घोरपडही मिरवणुकीत दिसू लागली. परजिल्ह्यांतून, परप्रांतांतून आणि परदेशांतूनही लोक कॅमेरे घेऊन येऊ लागले.

स्पर्धेचा शिरकाव हा या इतिहासातील निर्णायक टप्पा मानावा लागेल. पूजेसाठी एक नाग पुरतो, स्पर्धेसाठी मात्र पुष्कळ नागांतून मोठा नाग निवडावा लागतो. पूजेत नागाचे शांत असणे इष्ट, तर स्पर्धेत त्याचे चिडणे इष्ट, कारण चिडल्याशिवाय फणा उंच होत नाही. ज्या सणाच्या दिवशी जमिनीला फाळ लावणे निषिद्ध, त्याच सणाच्या तयारीसाठी बिळे उकरली जात होती, ही विसंगती गावातील जाणत्यांच्या लक्षात आली नसेल असे म्हणता येत नाही.

दर्शन की शिक्षण

सापाच्या जाहीर दर्शनाला आधुनिक काळात आणखी एक समर्थन लाभले. ते लोकशिक्षणाचे. त्याची पार्श्वभूमी थोडी मागे जाऊन पाहावी लागते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारचे सापांविषयीचे धोरण संहाराचे होते. विषारी साप मारून आणणाऱ्यास बक्षिसे दिली जात. मुंबई इलाख्यात रत्नागिरी जिल्ह्यातील फुरशांवरील बक्षिसे त्या काळी गाजली. जोसेफ फेरर यांचा भारतातील विषारी सापांवरील ग्रंथ १८७२ मधला, तर मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मधली. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत प्रतिविष लस तयार होऊ लागली आणि साप हा मारण्याचा प्राणी न राहता अभ्यासाचाही विषय झाला. १९६९ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रासजवळ सर्पोद्यान सुरू केले. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांसह काचेच्या खोलीत ७२ तास राहून दाखविले. साप विनाकारण चावत नाही हे लोकांना पटवून देणे हा त्यामागील हेतू होता. कात्रजचे सर्पोद्यान त्यानंतर उभे राहिले.

या प्रयत्नांचे मोल निर्विवाद आहे. त्यांच्यामुळे दिसेल तो साप ठेचण्याची वृत्ती शहरांतून बरीच कमी झाली. तरीही साप हाताळून दाखविणाऱ्याभोवती जमलेला समुदाय घरी काय घेऊन जातो, हा प्रश्न उरतो. काचेमागचा साप पाहणारा सापाचे निरीक्षण करतो. माणसाच्या हातातला साप पाहणाऱ्याचे लक्ष मात्र त्या माणसाच्या धैर्याकडे जाते, आणि अनुकरण होते ते धैर्याचे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलेला आहे. यांतील फार मोठा भाग ग्रामीण, शेतात राबणाऱ्या लोकांचा आहे. त्यांना हवे असते ते पायात बूट, हातात विजेरी आणि जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष लस. मिरवणुकीतल्या नागाने यांपैकी काही शिकविल्याचे दिसत नाही.

पाळीव कोण, वन्य कोण

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आला. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या व्यापक असून तीत प्राणी मारण्याबरोबर त्याला पकडणेही येते. शिराळ्याच्या दृष्टीने सारा पेच या एका व्याख्येत साठलेला होता. गावाच्या भाषेत नाग ‘आणला’ जात होता, कायद्याच्या भाषेत त्याची ‘शिकार’ होत होती. पूजा, मिरवणूक, स्पर्धा हे सारे नंतरचे. गुन्हा बिळाच्या तोंडाशीच पुरा होत होता. तरीही कायदा झाल्यावर कित्येक वर्षे प्रशासनाने या सणाकडे काणाडोळा केला. पर्यावरण कार्यकर्त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावल्यानंतर चित्र बदलले आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने नाग पकडणे, त्यांचे प्रदर्शन व मिरवणूक यांना प्रतिबंध झाला. त्यानंतर नागपंचमीच्या आधी वनविभागाची पथके शिराळ्याच्या शिवारात गस्त घालू लागली. गावाने पालखी चालू ठेवली आणि पूजेला मातीचा नाग व प्रतिमा घेतली. नाथांनी मातीचा नाग जिवंत केला अशी ज्या गावाची कथा, त्या गावाला न्यायालयाने पुन्हा मातीच्या नागाकडे नेले. हे दुःख गावाने बोलून दाखविले. ते समजून न घेता केवळ ‘अंधश्रद्धा’ म्हणून त्याची बोळवण करणे अनुदारपणाचे आहे.

याच सुमारास बैलांच्या शर्यतींचा वाद चालू होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. पुढे तामिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र या राज्यांनी प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात आपापल्या सुधारणा केल्या व २०२३ मध्ये घटनापीठाने त्या ग्राह्य धरल्या. बैलाला जे मिळाले ते नागाला का नाही, हा प्रश्न यातून स्वाभाविकपणे उपस्थित होतो. परंतु बैल हा दावणीचा प्राणी आहे. त्याची पैदास, पोषण, औषधपाणी मालकाच्या हाती असते, त्यामुळे वाद राहतो तो त्याला किती क्लेश द्यावेत एवढाच. नाग दावणीला कधीच नव्हता. मडक्यात महिनाभर राहिल्याने तो पाळीव होत नाही, आणि त्याला घरच्यासारखे वागविले या म्हणण्याने त्याची मालकीही सिद्ध होत नाही. दोन्ही प्रकरणांना लावलेला कायदा वेगळा आहे, कारण दोन्ही प्राण्यांचे माणसाशी असलेले नाते मुळातच वेगळे आहे.

२०२५ ची परवानगी

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात शिराळ्याची नागपंचमी पूर्ववत सुरू करण्याचे आश्वासन दिले गेले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २१ नाग पकडण्यास मान्यता दिली. वन्यजीव अधिनियमाच्या बाराव्या कलमात शिक्षण, शास्त्रीय संशोधन, प्रतिविषासाठी विषसंकलन अशा मोजक्या हेतूंसाठी वन्य प्राणी पकडण्याची परवानगी देता येते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत केंद्राची पूर्वसंमती लागते. या चौकटीत बसविण्यासाठी शिराळ्याचा हेतू ‘शैक्षणिक’ ठरविण्यात आला. मनोरंजन, व्यापारी वापर आणि स्पर्धा यांना मनाई कायम राहिली. नाग पकडण्याचे पारंपरिक ज्ञान तरुणांपर्यंत पोचावे आणि सर्पसंवर्धन घडावे, हा या परवानगीचा घोषित उद्देश होता.

म्हणजे तिच्या कागदावर पूजा हा शब्द मुख्य नाही. शंभर वर्षांपूर्वी नाग दाखविण्याचे कारण विचारले असते तर गावाने नाथांचे नाव घेतले असते. २०२५ मध्ये कारणाच्या रकान्यात शिक्षण आले. हा हेतू खरा मानायचा तर शिक्षणाची मोजमापे त्याला लावावी लागतील : पकडलेल्या प्रत्येक नागाची लांबी, लिंग, पकडण्याची व सोडण्याची जागा यांची नोंद, सोडल्यानंतर तो जगला की नाही याचा माग, मादी पकडल्यास बिळातील अंड्यांचे काय झाले याची चौकशी, आणि तालुक्यातील सर्पदंशांची वर्षवार आकडेवारी. शिराळ्यातील जुन्या नाग पकडणाऱ्यांच्या मुलाखती हेही तातडीचे काम आहे. बंदीच्या अकरा वर्षांत त्यांतील अनेकांचे वय झाले, आणि त्यांनी शिवारात काय पाहिले याची लेखी नोंद फारशी झालेली नाही. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास आणि प्राणिशास्त्र विभागांना हे काम एकत्रितपणे हाती घेता येईल. त्यासाठी एकही बीळ उकरावे लागणार नाही.